वत्सूताईची दुपार

वत्सूताई गेल्याचं आधी फोनवर आलं आणि मला कळलं मग. खालापूरला नोंदणी कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवेलागण होऊन गेलेली, गिऱ्हाइकांची घाई, एका हातानं मशीनवर कागद सरकवत होते आणि दुसऱ्या हातात फोन... आमच्या घरच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचा केक आणि गुडघेदुखीवरचा काढा यांच्या मध्ये, जोडलेले हात येऊन पडले. नाव नाही, गाव नाही, नुसते हात. त्याखाली कोणी फुलं टाकली, कोणी पणती टाकली. एकानं तर मध्येच केकवाल्या जोडप्याला शुभेच्छा दिल्या. मी अंगठ्यानं वर-खाली करत शोधतेय की मेलं कोण, तेवढ्यात महेशचा फोन. महेश म्हणजे वत्सूताईचा मुलगा, माझा पुतण्या. "काकी, आई..." एवढंच म्हणाला. समोरचा माणूस सांगत होता, "ताई, मागची बाजू पन करा हां झेरॉक्स." मी केली. मागची बाजू केली, कागद त्याच्या हातात दिला आणि मग शटर ओढलं.

वत्सूताई माझी थोरली जाऊ. खालापूर तालुक्याच्याच टोकाला, कर्जतच्या बाजूला आमचं गाव, भाताची शेती. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, महेश बायको-मुलांना घेऊन कर्जतला राहतो, त्यामुळे त्या घरात ती एकटीच असायची. आम्ही पोचलो तेव्हा ओटी माणसांनी भरली होती आणि शेजारची सखू भिंतीला टेकून स्वतःचं कपाळ बडवून घेत होती. "मी आलते गं दुपारी! कोथिंबीर घेऊन आलते. दार लोटलेलं दिसलं. म्हटलं आक्काची येळ हाय, नको हाक मारायला... परत गेले गं मी!" दिवा लावायच्या वेळेला अंधार दिसला म्हणून ती पुन्हा आली, तेव्हा वत्सूताई मागच्या पडवीत, खांबाला पाठ लावून बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्याच गेली, त्रास झाला नसेल. किती वेळापूर्वी, ते कोणाला सांगता आलं नाही.

आणि मग सुरू झालं. दहाव्यापर्यंत जो येईल तो तेच. एकटी गेली बिचारी. तरी सांगत होतो, दुपारचं दार लोटून बसायची खोड बरी नव्हे. हट्टी होती. फोन तरी उचलायचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या, पण बोलायचं काय? कारण आतून मलाही तेच वाटत होतं. मीही तिच्यावर चिडलेच होते. एवढं कसलं मेलं जपायचं, की मरताना पाणी द्यायला कोणी हाक मारू नये? तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानात बसले की घरी जावंसं वाटतं, घरी आले की दुकान आठवतं. रात्री आमचे हे म्हणतात, अगं पंखा किती वेळा कमी-जास्त करशील? म्हणून लिहायला बसले. लिहितानाही चारदा उठलेय.

मी या घरात आले ती पनवेलकडून. माझं मूळचंच सगळं घाईचं. एक काम हातात, दुसरं डोक्यात, तिसरं तोंडात. एक ना धड भाराभर चिंध्या, असं माझी आईच म्हणायची. आणि आमचं सासर म्हणजे काय सांगू! कोणाचं बूड घरात टिकायचं नाही, पण हाक मात्र सगळ्यांची घरात. "वत्सू, चहा टाक." "वत्सू, ती दोरी कुठाय?" "वत्सू, पाव्हनं आलं बघ." आणि स्वयंपाकघरातून वत्सूताईचा आवाज यायचा, "हात भरल्यात माझं!" तांदळाच्या पिठाची उकड काढून परातीत मळत बसलेली असायची, कोपरापर्यंत पीठ. मग झालं, ती हाक थेट माझ्यावर. "मग शोभाला सांग." पहिले काही महिने मी तिच्या नावानं बोटं मोडली. म्हटलं, ही काय पक्की आहे! भाकऱ्या करते म्हणे, आणि साऱ्या घरासाठी मला पळवते.

एका दुपारी मी पाण्याला म्हणून आत गेले. जेवणं होऊन गेलेली, चूल विझलेली, आणि ही परात पुढ्यात घेऊन बसलेली. हात पिठात, पण मळत नव्हती. मागच्या दारातून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "अगं बाई, आता कोणाच्या भाकऱ्या?" ती दचकली. मग हसली, ओठावर बोट ठेवायला गेली तर नाकाला पीठ लागलं. "कोनाच्या नाय गं. ह्ये कोंबड्यांना जातं संध्याकाळी." "मग मळतेस कशाला?" तेव्हा तिनं मला जवळ बसवलं आणि सांगितलं, "शोभे, या घरात बाईला दोनदाच कोन उठवत नाय. एक पोराला पाजताना, आन एक हात पिठात असताना. पोर काय, मोठं व्हतं. पीठ सरत नाय." मी विचारलं, "पण करतेस काय बसून?" "काय नाय," ती म्हणाली. "काय नाय करायला पन टाइम लागतो, शोभे."

मला तेव्हा ते पटलं नाही, आजही पूर्ण पटतं असं नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्या कटात सामील झाले. हाक आली की मीच ओरडून सांगायची, "ताईंचे हात भरलेत हो!" आणि ती माझ्याकडे न बघता हसायची. कोंबड्या त्या काळात फार गुबगुबीत होत्या. पुढे वाटण्या झाल्या, आम्ही खालापूरला आलो, मी दुकान टाकलं. सासू-सासरे गेले, भाऊजी गेले. घरात हाक मारणारं कोणी उरलं नाही, तर मला वाटलं, आता ही मोकळी झाली, पिठाची गरज संपली. उलटंच झालं. हाका वाढल्या.

महेशनं तिला मोबाइल घेऊन दिला. पोराचा हेतू चांगला होता, आई एकटी असते. पण तो मेला फोन म्हणजे! सकाळी ग्रुपवर सूर्य उगवायचा, मग सुविचार, मग कोणाचा तरी नातू नाचतोय. मध्येच कर्ज हवंय का, प्लॉट विकायचाय का, तुमचं कार्ड बंद पडणार आहे. पहिल्या आठवड्यात ती बिचारी प्रत्येक फोनला धावत जायची, पदराला हात पुसत. मग मला म्हणाली, "शोभे, ह्ये पोरगं रातचं पन रडतं आन दिवसा पन. आन याला काय झालंय त्ये कळतच नाय." तिनं फोनची जागा ठरवली. देवळीत, निरांजनाच्या मागं. संध्याकाळी दिवा लावताना हातात घ्यायचा, कोणाचे आले ते बघायचं, माणसाचा असेल त्याला उलटा फोन करायचा, बाकी सोडून द्यायचं. दुपारी दार लोटलेलं असलं की फोनही नाही आणि माणूसही नाही.

त्यावरून किती भांडणं झाली! एकदा महेशनं दुपारभर फोन केले, हिनं उचलला नाही, तर त्यानं घाबरून मला केला, मी घाबरून सखूला केला, सखू धावत गेली आणि दारातूनच ओरडली, "आक्का, हायस का मेलीस?" आतून आवाज आला, "अजून नाय. चार वाजता ये." ही गोष्ट आम्ही किती वर्षं हसत सांगितली. आता सखू ती सांगायला लागली की मध्येच गप्प होते.

महेश चिडायचा ते खरंच काळजीनं. "आई, तुला काय काम असतं गं दुपारी? झोपतेस का?" "नाय." "पोथी वाचतेस?" "कंदी कंदी." "मग?" ती म्हणायची, "इचार करते." आणि महेश माझ्याकडे बघून हात उडवायचा. त्याच्या दृष्टीनं हे काही कामच नव्हतं. माझ्याही नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः विचार करते तो स्कूटरवर, नाहीतर गॅसवर दूध ठेवून. दोन्हीकडे काही ना काही सांडतं.

आमच्या गावात तोवर सगळं बदललं होतं. नदीकडच्या शेतांची एकेक करून रिसॉर्टं झाली. शनिवारी दुपारपासून डीजे. शहरातली माणसं शांतता मिळावी म्हणून येतात आणि येताना मोठमोठे स्पीकर घेऊन येतात, हे एक मला न उलगडलेलं कोडं आहे. तिच्या शेताच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. पडवीतल्या भांड्यांची झाकणं थरथरायची. मी म्हटलं, "आता कसली दुपार आणि कसलं काय!" तर म्हणाली, "आवाजाचं काय नाय गं. त्यो माझं नाव घेऊन वरडत नाय ना." मला हसू आलं, पण तिनं ते गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.

आता मी ती गोष्ट सांगते, जी मला माहीत होती आणि दहाव्याला आलेल्या त्या शहाण्यांना नव्हती.

तिचं माहेर खालापूरच्या अंगाला. वडिलांची चांगली भातजमीन होती. वडील वारले त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती माहेरी गेली. भावांना ओवाळलं, साडी मिळाली, आणि मग चुलीपुढं भाकऱ्या करायला बसली, कारण माहेरी गेलेली लेक दुसरं काय करणार. थोरला भाऊ दारात आला, हातात कागद. "ताई, जरा ये गं, एक सही हाय." ती म्हणाली, हात भरलेत, थांब. तो म्हणाला, "माणूस खोळंबलाय, त्याला जायचंय. पूस हात आन ये." बाहेर माणसं, पोरांचे फटाके, आई आतून विचारतेय मीठ टाकलंस का... तिनं पदराला हात पुसले, दाखवली तिथं सही केली आणि परत तव्यापुढं येऊन बसली. तव्यावरची भाकरी करपली नव्हती, इतकं ते लवकर झालं. आपण वडिलांच्या जमिनीतलं नाव काढून दिलं, हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं. तेही असंच, कोणाच्या तरी लग्नात, जेवताना, बोलण्याच्या ओघात.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तडकले. म्हटलं, "ताई, केस टाकू. मी कागद काढते." ती म्हणाली, "नको. भावंच हायेत माझं. इचारलं असतं ना शोभे, तर हासत दिली असती. मला कुठं न्यायची व्हती? पन मला कळलंच नाय मी काय दिलं त्ये." मग बराच वेळ परातीला चिकटलेलं पीठ नखानं काढत बसली. "मी हात पुसलं गं," ती म्हणाली. "तेवढंच चुकलं माझं."

मला त्या दिवशी तिच्या पिठाचा अर्थ कळला. ही बाई आळशी नव्हती, माणूसघाणी तर अजिबात नव्हती. संध्याकाळी तिच्या ओटीवर निम्मा गाव असायचा. पण मध्येच हाक मारून, घाई करून, बाहेर कोणीतरी खोळंबलंय म्हणून जे काही तिच्याकडून नेलं गेलं, ते तिला पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. दिवसातला एक तुकडा तरी असा हवा की ज्यात आपण हात पुसणार नाही. बस्स, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि ते सगळं पणाला लागलं ते गेल्या पावसाळ्यात. नदीकडच्या तिच्या शेतावर शेजारच्या रिसॉर्टवाल्याचा डोळा होता. भाऊजींच्या पश्चात सातबाऱ्यावर तिचं आणि महेशचं नाव, म्हणजे तिच्या सहीशिवाय काही हलणार नव्हतं. महेशला विकायचं होतं. त्याचंही चूक नव्हतं. कंपनीतली नोकरी, मुलांच्या शाळा, शेतीत मन नाही. तो आईला म्हणाला, "मी काय जबरदस्ती करत नाय. पन लवकर सांग." एजंट मात्र जबरदस्त होता. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आणि तोंडात एकच वाक्य, ऑफर गणपतीपर्यंतच. गणपती झाले, मग ऑफर दसऱ्यापर्यंत. तो सकाळी यायचा, दुपारी यायचा, गाडीत बसवून थेट कचेरीत घेऊन जायची भाषा करायचा. त्याच्यामागून चुलत दीर, त्यांच्यामागून भाचे. प्रत्येकाच्या खिशात सल्ला. ग्रुपवरसुद्धा आडून आडून सुरू झालं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याला काय एवढी घाई झालीया? जमीन काय पळून जाते का?"

तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "भात कापून घरात येऊ दे. मग सांगते." आणि पावसाळाभर ती दुपारी दार लोटून बसली. एजंट आला की सखू बाहेरूनच सांगायची, "आक्काचं हात भरल्यात." तो म्हणायचा, "अहो, रोज काय भाकऱ्या?" "रोज जेवतो ना आमी," सखू म्हणायची. मला स्वतःला ते सोसत नव्हतं. मी तिला फोन करायची ते संध्याकाळी, पण रोज, आणि पहिला प्रश्न तोच, "ठरलं का?" एकदा ती वैतागली. "शोभे, तू पन एजंट झालीस व्हय?" मी आठवडाभर फोन केला नाही. केला नाही म्हणजे, हातात घ्यायची आणि ठेवायची.

भात घरात आलं. कणग्या भरल्या. आणि एके दिवशी सकाळी वत्सूताई माझ्या दुकानात हजर. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. म्हणाली, "नदीकडलं देते. घरामागचं नाय देत. कागद तुझ्याकडंच करायचा आन मला वाचायचा हाय." मला धक्काच बसला. मला वाटलं होतं ही ठाम नाही म्हणणार, सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. मी विचारलं, "ताई, नक्की? कोणी काही बोललं का?" "कोन बोलनार? मी कोनाला बोलू दिलं का?" मग म्हणाली, "माझं गुडघं गेलं. महेशला शेती नाय करायची, त्याला ती गळ्यात बांधून मी काय मिळवू? समदं मनात फिरून फिरून बघितलं मी. द्यायला आता दुखत नाय." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात काय घ्यायचं ते सांगावं तसा.

खरेदीखताचा मसुदा झाला त्या दिवशी दुकानात सगळे जमले. एजंट, घेणारा, महेश, आणखी दोघं साक्षीला. नोंदणीला समोर जायचं होतं, नंबर लागलेला. एजंटानं पानं पुढं केली आणि बोटानं दाखवलं, "आक्का, इथं, इथं आणि मागं." वत्सूताईनं चष्मा काढून पुसला, घातला आणि स्टुलावर बसली. "शोभे, शटर अर्धं खाली घे," म्हणाली. मी घेतलं. आणि तिनं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, ओळीखाली बोट धरून, शाळेतल्या पोरीसारखं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, कागदाची भाषा ती तसली. "सदर... मिळकतीच्या... चतुःसीमा..." एजंटाचा फोन वाजला. तिनं बोट थांबवलं. त्यानं बोलणं संपवलं, तशी तिनं बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली. घेणाऱ्याचा फोन वाजला. पुन्हा ओळ पहिल्यापासून. महेशचा वाजला, तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं बोट मागं नेलं. साक्षीदारातला एक म्हणाला, "आक्का, लई येळ जातोय." ती म्हणाली, "मग नका ना थांबवू." रागानं नाही हो, समजावून सांगावं तसं. पानं पुढं सरकेनात. सगळ्यांच्या लक्षात आलं की ही बाई चिडणार नाही, ओरडणार नाही आणि एक ओळही सोडणार नाही. आधी महेशनं फोन बंद केला. मग घेणाऱ्यानं. शेवटी एजंटानं, दोन्ही. माझा राहिला होता, मीही बंद केला. माझ्या दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेरून एसटीचा हॉर्न आणि आत तिचा तो अडखळणारा आवाज, बस.

कागदात काही वाकडं निघालं नाही. सगळं ठरल्याप्रमाणंच होतं. एजंट म्हणालासुद्धा, "बघा, मी म्हटलं नव्हतं? उगाच वेळ घालवला." वत्सूताईनं मान डोलावली. सही करायच्या आधी तिनं कागदावर तळहात ठेवला... मला वाटलं रडेल, नाही रडली. समोर जाऊन सह्या, अंगठे, फोटो, सगळं उरकलं, पुरुष मंडळी चहाला गेली आणि ती परत दुकानात माझ्याजवळ येऊन बसली. मी विचारलं, "वाईट वाटतंय का गं?" "वाटतंय की," ती म्हणाली. "पन शोभे, या टायमाला मला कळलं मी काय दिलं त्ये." आणि हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांतच ती गेली. दिवसकार्याच्या गर्दीत महेश मला घरामागं घेऊन गेला आणि म्हणाला, "काकी, सखूकाकीनं हाक मारली असती तर?" हा प्रश्न त्याला रात्रंदिवस खातोय, मला दिसत होतं. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, "माहीत नाही रे बाळा. वाचलीही असती कदाचित." तो रडला, मीही रडले. वाचली असती तर मला हवीच होती ती, अजून पुष्कळ वर्षं हवी होती, त्यात काय प्रश्न आहे? पण ओटीवर जाऊन मी त्या सगळ्यांना एकदाचं सुनावलंच. म्हटलं, "एकटी गेली, एकटी गेली, बंद करा. हयातभर तुम्ही तिला हाका मारल्यात. एक दुपार तिची होती, ती तिनं शेवटपर्यंत दिली नाही कोणाला." माझा आवाज चढला होता. चुलत दीर म्हणाले, शोभाला शोक झालाय, पाणी द्या तिला. मी पाणी प्यायले आणि गप्प बसले.

शांत मात्र अजून झाले नाही. मला काही तिच्यासारखी दुपार साधत नाही. दोनदा दार लोटून बसून बघितलं. पहिल्यांदा उठून पंखा पुसला, दुसऱ्यांदा झोप लागली. माझा पिंडच तो नाही. माझ्या दुकानाला दार नाही, शटर आहे, आणि बाहेर कायम कोणीतरी खोळंबलेलं असतं.

परवा दोघं भाऊ आले, बरोबर त्यांची बहीण. पन्नाशीची असेल, खोपोलीकडून आलेली, पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसली. हक्कसोडपत्र होतं, माझ्याकडेच टाइप केलेलं, अशी मी आजवर ढिगानं टाइप केलीत. थोरला भाऊ म्हणाला, "ताई, सही करून टाक, समोर आपला नंबर येईल आता." तिनं लगेच पेन घेतलं. कुठं करू, म्हणून माझ्याकडे बघितलं. आणि मला काय झालं कोण जाणे, मी उठले, शटर अर्धं खाली घेतलं, म्हटलं, "थांबा जरा. वाचून दाखवते." धाकटा म्हणाला, "काकी, तिला समदं म्हाईत हाय, टाइम नाय वो." मी म्हटलं, मलाही नाही, आणि वाचायला लागले. थोरल्याचा फोन वाजला, मी थांबले, ओळ पहिल्यापासून घेतली. माझाच वाजला, तो बंद करून टेबलाच्या खणात टाकला आणि ओळ पहिल्यापासून घेतली. भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मी वाचत होते, "सदर मिळकतीत लिहून देणार यांचा समान हिस्सा असून, तो त्या..."

"थांबा," ती बाई म्हणाली. "लिहून देनार म्हंजे कोन?"

"तुम्ही."

ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. भाऊ म्हणाला, "ताई, अगं त्ये नुसतं लिहायची पद्धत असती." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"म्हंजे आतापर्यंत माझं पन व्हतं त्ये?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आत्ता या घटकेलाही आहे."

तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. "मग पयल्यापासून वाचा," ती म्हणाली. "सावकाश."